त्याच्या नावाचा कान

त्याचं नाव मी घेणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. विसरलो म्हणून नव्हे. नाव, आडनाव, बापाचं नाव, सगळं पाठ आहे. पण घेणार नाही. इतकी वर्षं घेतलं नाही, आता ह्या वयात तुमच्यासाठी नेम मोडायचं मला काही कारण दिसत नाही. गावातली पोरं त्याला 'साबुवा' म्हणत, तेवढं तुम्हाला पुरे. आणि दुसरं म्हणजे, मी त्याला 'तो'च म्हणणार. आमच्या घरात बाकीचे सगळे 'ते' म्हणतात, म्हणोत बापडे. आमची ही तर 'बुवा' म्हणताना पदर सावरायची. माझ्यासाठी कधी सावरल्याचं मला आठवत नाही.

तो येण्याआधी तारापुरात संगीत म्हणजे मी होतो. ह्यात फुशारकी नाही, दुसरं कोणी नव्हतंच. शाळेत गाण्याचा तास माझा, शनिवारच्या भजनाला पेटी माझी, लग्नात मंगलाष्टकांना सूर द्यायला मी. चिंचणीपासून घिवलीपर्यंत कोणी पेटी विकत घ्यायला निघाला तरी आधी माझ्याकडे यायचा. "मास्तर, जरा बघा ना, भाता बरा हाय ना?" मी दोनदा भाता हलवायचा, कान तिरका करायचा आणि मान डोलवायची. त्या मानेला किंमत होती हो. ती किंमत त्या माणसाने घालवली, आणि तीही मला एक शब्द वाकडा न बोलता. वाकडं बोलला असता तर मी त्याला पुरून उरलो असतो.

तो आला ते अणुवीज केंद्राचं बांधकाम नुकतं सुरू झालं होतं तेव्हा. बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसं उतरत होती, चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू यायला लागली होती. त्या गर्दीत हाही उतरला. दोन तंबोरे गोधडीत गुंडाळलेले, एक ट्रंक, एक स्टोव्ह. कोणी म्हणे मिरजेकडचा, कोणी म्हणे इंदूरचा. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्सुकता आहे असं त्याला वाटलं असतं.

घरमालकाने त्याला वाडीकडची हवेशीर खोली दाखवली. ह्याने ती नाकारली आणि मागची अंधारी खोली घेतली. का, तर तिच्या भिंतीला लागून गजा डायवाल्याचं घर होतं. आमच्याकडे घरोघर डाय करतात. डाय म्हणजे दागिन्याचा साचा, पोलादाच्या ठोकळ्यावर कोरलेला. दिवसभर हातोडी चालते, टक टक टक टक. भाडेकरू त्या आवाजाला कंटाळून पळतात. हा म्हणाला, "हीच खोली. इथं लय फुकट आहे." तबलजी ठेवायच्या ऐवजी ह्याने गजाची हातोडी ठेवली! पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवायचा आणि हातोडीवर टाळ्या द्यायला लावायचा. गजा मला अभिमानाने सांगायचा, "मास्तर, बुवा बोलतात, माजी हातोडी घाई करत नाय. आमच्या म्हातारीला सांगितलं तर तिला पटत नाय." गजाला डाय करता करता लयकार झाल्याचं समाधान मिळालं, आणि मला शाळेत एवढी वर्षं टेबलावर डस्टर आपटून ताल शिकवल्याचं काय मिळालं? मुलांच्या अंगावर खडूची धूळ.

पहिल्यांदा भेटायला गेलो तो मोठ्या मनाने. म्हटलं, परगावचा कलावंत आहे, गावच्या कलावंताने जावं. पेटी बरोबर घेतली, म्हणजे दोन चिजा होतील. दारात पोहोचलो तर हा आतूनच म्हणाला, "या मास्तर, या. पेटी तेवढी बाहेर ठेवा."

"कुठे?"

"तिथंच. चपलांशेजारी."

मी हसलो. मला थट्टा वाटली. तो हसला नाही. माझ्या गुरुजींच्या हातची पेटी, जिला मी देवघराशेजारी ठेवत होतो, ती त्या दिवशी कोणाच्या तरी फाटक्या वहाणेला टेकून उभी राहिली. आत गेल्यावर त्याने मला गूळ-पाणी दिलं, पाठीला लोड दिला, आणि समजूत घालावी तशा सुरात म्हणाला, "राग मानू नका. पेटी वाईट नाही, आंधळी आहे. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारते. दोन स्वरांच्या मधली वाट तिला दिसत नाही. आणि गाणं सगळं त्या वाटेवर असतं."

आता हे काय मला ठाऊक नव्हतं? मींड पेटीत निघत नाही, श्रुती पेटीत बसत नाहीत, हे आम्हाला पहिल्या इयत्तेत सांगतात. पण चाळीस पोरांच्या वर्गात तंबोरा नेऊन बघावा त्याने! अर्धा तास तारा जुळवण्यात जाणार आणि उरलेला अर्धा पोरं एकमेकांच्या शेंड्या ओढण्यात. मी हे सगळं त्याला सुनावणार होतो, पण तोंडात गूळ होता.

त्याची दुसरी तऱ्हा पाण्याची. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरच्या विहिरीचं पाणी तांब्याभर आणायचं, आणि हा ते पिणार. म्हणायचा, "गळा पाण्यावर वाढतो. पाणी प्यायल्याशिवाय मला गळा कळत नाही." वेडेपणाच. पण सालवडवरून येणारा एक पोरगासुद्धा सायकलच्या हँडलला तांब्या अडकवून यायचा आणि निम्मं पाणी रस्त्यात सांडायचा.

तिसरी तऱ्हा कानाची. तीच सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून नीट सांगतो.

आमच्या गाण्याच्या लोकांत रीत आहे. गुरूचं नाव घेताना उजवा हात कानाच्या पाळीला लावायचा. कान धरायचा म्हणतो आम्ही. मीही माझ्या गुरुजींचं नाव कान धरूनच घेतो. पण ह्या माणसाने त्या रितीचा बाजार मांडला होता. म्हणायचा, "ज्याच्याकडून जे घेतलं, त्याला त्याचा कान द्यायचा. एक स्वर घेतला असेल तरी. आणि घेतलं नसेल तर खोटा कान धरायचा नाही. तो बेसूरपणा." झालं! त्याच्या गुरूला कान, ते ठीक. लयीसाठी गजा डायवाल्याला कान. घिवलीची एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन बोंबील विकायला यायची, "घ्याऽ गो बोंबीऽऽल" करत. ती 'बों'वरून 'बील'वर अशी घसरत उतरायची की हा खोलीतून धावत बाहेर. "ऐका, ऐका! हा कोमल गांधार. पेटीतला नव्हे, खरा. आणि ही मींड." आणि लगेच हात कानाला. मावशी बिचारी घाबरली. मला म्हणते कशी, "मास्तर, तो बुवा माज्याकडं बगून कान का पकडतो? आमी काय केलं त्याचं?"

आणि बैल! पलीकडच्या वाडीत अजून रहाट होता. बाकीच्यांकडे इंजिनं आली होती, त्या एकाच वाडीत म्हातारा बैल गोल फिरायचा. हा मुलांना तिथे नेऊन बसवायचा. "हा विलंबित बघा. बैलाला कुठं पोहोचायचं नाही, म्हणून त्याचं पाऊल चुकत नाही. पोहरा वर येऊन पाटात ओतला जातो ना, ती सम. सगळ्यांनी तिथं 'आ' म्हणायचं. आणि रिकामा पोहरा खाली जातो, ती खाली. तिथं टाळी द्यायची नाही, पण मोजायचं विसरायचं नाही." मग एकदा मुलांशी बोलताना त्या बैलाचा विषय निघाला, तर ह्याचा हात कानाला! मी स्वतः पाहिलं. बैलाला कान!

आणि मला? एवढ्या भेटी झाल्या, कितीदा माझं नाव त्याच्या तोंडी आलं. "मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले." हात मांडीवरून हलला नाही. गावातल्या कोंबड्यालाही एखादा कान मिळाला असेल, पण संगीत शिक्षकाला नाही. त्याच्या तालात मी म्हणजे खाली होतो. रात्रंदिवस पोटात दुखायचं माझ्या, खोटं कशाला बोलू?

ह्यात कुमुदचं निघालं. कुमुद माझी मुलगी, एकुलती. पाळण्यात असल्यापासून माझ्या पेटीच्या सुरांवर झोपलेली. शाळेत माझ्याच वर्गात, भजनात माझ्याच मांडीला मांडी लावून. तिला मी शिकवत होतोच. एक दिवस ही म्हणाली, "कुमुदला बुवांकडं धाडू या."

"आणि मी काय मेलोय?"

"तसं नाय हो. तिचा आवाज वर जातो नि खाली येतो, मधेच अडकतो. मला गाण्यातलं काय कळत नाय. पण पोर गाताना चेहरा वाकडा करते, ते मला दिसतं."

"वयात येतेय, होतं असं."

"बरं, नाय तर नाय." असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी तांब्या घासून विहिरीवर नेला. आमच्या घरात 'नाय तर नाय' म्हणजे ठरलं.

पहिल्याच दिवशी त्याने पोरीला विचारलं, "तुझा सा कुठाय?" तिने माझ्या पेटीत लागतो तसा लावला, काळी दोनचा, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवरचा. शाळेत सगळे तिथेच गातात. मी तिथे गातो, माझे गुरुजी तिथे गायचे. हा म्हणाला, "हा मास्तरांचा. तुझा शोधू या." आणि मग दिवसामागून दिवस पोरगी रोज तासभर जाऊन फक्त सा लावून यायची. दुसरा स्वर नाही. तो तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत वर वर जायचा, परत खाली यायचा, ती आवाज लावायची, तो मान हलवायचा, नाही. मी घरी विचारायचो, "आज काय शिकलीस?" ती म्हणायची, "सा." दुसऱ्या दिवशी, "आज?" "सा." मला आत कुठेतरी बरं वाटायचं. म्हटलं, बसा शोधत. माझ्या वर्गात एव्हाना चार अलंकार आणि एक सरगम गीत झालं असतं.

आणि एका सकाळी मी दाढी करत होतो. कुमुद मोरीत भांडी घासत होती आणि गुणगुणत होती. माझा वस्तरा गालावर थांबला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. भरलेला, मोकळा, कुठेही न ताणलेला. मी धावत पेटीकडे गेलो, पट्टी शोधली. काळी चार. माझ्या पोरीचा गळा काळी चारला राहत होता, आणि माझ्या घरात राहून मला पत्ता नव्हता. कोणालाही वाटेल, बापाला आनंद झाला असेल. झाला ना. पण आनंदाच्या आधी काय झालं सांगू? हा आवाज आधी त्याने ऐकला, असं मनात आलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

पुढे पोरगी त्याच्याच तोंडाने बोलायला लागली. जेवताना म्हणायची, "अण्णा, सा म्हणजे घर. बाकीचे सहा पाव्हणे. कितीही लांब फिरलं तरी जेवायला घरी यायचं." मी म्हणायचो, "आमटी वाढ." कधी म्हणायची, "अण्णा, भूप आणि देशकार ह्यांचे स्वर तेच पाच. मग राग दोन कसे, सांगा?" मला माहीत होतं हो! वादी वेगळा, अंग वेगळं, वेळ वेगळी. मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "हो, पण बुवा म्हणतात, सख्खे भाऊ आहेत दोघं. तोंडवळा एक. भूप गांधारावर निवांत बसतो, देशकारचा जीव वर धैवतात. लांबून तोंड दिसत नसलं तरी चालण्यावरून कोण येतोय ते कळलं पाहिजे. राग म्हणजे चाल." आमची ही ताटात हात थांबवून म्हणाली, "मलासुदीक कळलं." संसारात एवढी वर्षं मी वादी-संवादी सांगतोय, ते हिला कळलं नव्हतं.

अशात पालघरला गाण्याची आवड असलेल्या काही मंडळींनी लहान मुलांच्या गायनाचा कार्यक्रम ठरवला. रविवारी संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये. कुमुदला बोलावणं आलं. तो येणार नव्हता. कार्यक्रमांना तो जातच नसे, म्हणायचा, "पोहायला शिकवलं, आता नदीत मी कशाला उतरू?" तेव्हा तिला न्यायचं माझ्यावर आलं. तिला आणि त्याच्या तंबोऱ्याला. पेटी घरी राहिली आणि त्या माणसाचा तंबोरा गोधडीत गुंडाळून मी तारापूरहून बोईसरला एस.टी.ने, बोईसरहून पालघरला गाडीने मांडीवर घेऊन गेलो. उमरोळीला एक ओळखीचे गृहस्थ चढले. म्हणाले, "वा मास्तर, तंबोरा घेतलात?" मी म्हटलं, "हं."

पण माझ्या मनात एक गोष्ट होती, आणि ती मी त्या प्रवासात सारखी घोळवत होतो. अशा कार्यक्रमात मूल गायला बसलं की सूत्रसंचालक विचारतात, कोणाकडे शिकतेस? मूल कान धरून गुरूचं नाव सांगतं. कुमुद त्याचं नाव घेणार, हे मी गिळलं होतं. पण माझंही घेईल. आणि घेताना कान धरेल. त्या माणसाने दिला नाही, तो कान मला माझी मुलगी देईल, चारचौघांसमोर. एवढंच हवं होतं मला. जास्त होतं का हे?

कुमुद बसली. तंबोरा उभा धरला. सूत्रसंचालकांनी विचारलं, "कोणाकडे शिकतेस, बाळ?" तिने तारांवरचा हात काढला, कानाला लावला आणि त्याचं नाव घेतलं. स्पष्ट, खणखणीत. हात परत तारांवर गेला. ते गृहस्थ मला ओळखत होते. चांगल्या मनाने म्हणाले, "आणि वडीलही संगीत शिक्षक आहेत ना तुझे?"

"हो," ती म्हणाली, आणि तिने माझं नाव सांगितलं.

हात तारांवरच होता. मी त्या हाताकडे बघत होतो. जोडाच्या दोन तारा, खर्ज, पंचम, परत जोड. हात उठला नाही. हॉलमध्ये कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मग ती भूप गायली. कसा गायली ते विचारू नका. लोक येऊन माझे हात हातात घेत होते, "मास्तर, भाग्यवान आहात," म्हणत होते. मी हसत होतो आणि तंबोरा गोधडीत बांधत होतो.

पालघर स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघताना मी विचारलंच. "कुमे, माझ्या नावाला कान का नाही धरलास?"

तिने खाली बघितलं. "मी आठवत होते, अण्णा."

"काय?"

"तुमच्याकडून काय घेतलं ते. बुवा म्हणतात ना, घेतलं नसेल तर खोटा कान धरायचा नाही. तिथं बसल्यावर मला पटकन काही आठवेना." तिचे डोळे भरले. "तुम्ही रागावलात?"

"छे," मी म्हटलं. "शेंगदाणे घेतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी मी त्याच्या दारात. पेटी होती हातात, का नेली कोण जाणे. बहुतेक साक्षीला. चपलांशेजारी ठेवली आणि आत जाऊन सुरूच झालो. "काय शिकवलंत हो माझ्या मुलीला? बैलाला कान, बोंबीलवालीला कान, आणि बापाला नाही? मी तिला बोलायच्या आधी गायला शिकवलंय! ह्या गावात तुम्ही येण्याआधी सूर कोणी आणला? सांगा ना, कोणी आणला?" भिंतीपलीकडे गजाची हातोडी थांबली, एवढा माझा आवाज चढला होता.

तो तांब्यातलं पाणी पीत होता. आमच्याच घरचा तांब्या. पाणी संपवलं, तांब्या पालथा घातला, तंबोरा पुढे ओढला. "मास्तर, बसा. सा लावा."

"मी भांडायला आलोय!"

"भांडू ना. आधी सा लावा."

गाणाऱ्याला कोणी सा लाव म्हटलं आणि तो न लावता उठला, असं होत नाही. त्यात मी इरेला पेटलेला. लावतो म्हटलं, ऐका! काळी दोन. त्याने तारा तिथे मिळवल्या, मी आवाज लावला. मान वर, शिरा ताठ. तो ऐकत राहिला. "हा कोणाचा सा?"

"माझ्या गुरुजींचा," मी म्हटलं आणि कान धरला.

"गुरुजींचा गळा गुरुजींपाशी. तुमचा कुठाय?" असं म्हणून त्याने खुंटी उलटी पिळली. तार सैलावली. पुन्हा लावा. पुन्हा पिळली. मी खाली येत गेलो, आणि मला राग येत होता, कारण खाली येणं म्हणजे हरणं, असंच आम्हाला वाटत आलेलं. पांढरी दोन. नाही. काळी एक. नाही, पण जवळ आलो, म्हणाला. मग पांढरी एक. त्याने चारी तारा तिथे जुळवल्या, मणी सरकवले आणि डोळे मिटले. मी आवाज लावला.

काय सांगू तुम्हाला! जन्मभर मी टाचा उंच करून उभा होतो आणि कोणीतरी म्हणालं, टेका पाय. आवाज लागला आणि लागून राहिला. तो माझ्या छातीतून निघतोय का तंबोऱ्यातून, मला कळेना. मला तो सोडवेना. श्वास संपला तेव्हा कुठे थांबलो. गजाने पलीकडे हातोडी सुरू केली नव्हती.

"हा तुमचा," तो म्हणाला. "जा, आता भांडा."

मी उठलो. पेटी उचलली आणि थेट शाळेत. मुलीला माझ्यापासून तोडलं म्हणून भांडायला गेलो होतो, आणि माझा स्वतःचा सासुद्धा त्याच्याच हातून घेऊन आलो. ह्याहून मोठा पराभव असतो का? निघताना त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताकडे बघत होता की काय, असं मला वाटलं. मी पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

शनिवारी भजनात मी पांढरी एकला बसलो. मंडळी म्हणाली, मास्तर, आज खाली? मी म्हटलं, घसा धरलाय. तो घसा त्यानंतर कधी सुटलाच नाही.

पुढे थोड्याच दिवसांत तो गाव सोडून गेला. भांडण नाही, कारण नाही. आमच्या हिने विचारलं, "बुवा, का चाललात? काय कमी पडलं?" तर म्हणाला, "काही नाही वहिनी. इथल्या सगळ्यांचे सा सापडले. एकच राहिला होता, तोही लागला." ही आणि कुमुद बोईसर स्टेशनावर पोचवायला गेल्या. पाण्याचा तांब्या भरून नेला होता. मी गेलो नाही. मला सहावीचा तास होता. पाचवीचाही असता तरी गेलो नसतो. त्याचा एक तंबोरा कुमुदला देऊन गेला. मला काही दिलं नाही. माझ्या नावाला शेवटपर्यंत कान धरला नाही तो नाहीच.

गावात नंतर कितीदा त्याचा विषय निघायचा. मी 'तो बुवा' म्हणायचो, 'गजाच्या शेजारचा' म्हणायचो, नाव टाळायचो. लोकांना वाटायचं, मास्तरांना राग आहे. राग होताच. पण खरं कारण रागाचं नव्हतं. नाव घेतलं तर हात कुठे जाईल ते मला माहीत होतं. खोटा कान धरायचा नाही, असं तो म्हणायचा. खरा अडवायचा कसा, ते नाही शिकवलं. मी पेटीवाला, हे माझं नशीब. एक हात पट्ट्यांवर, एक भात्यावर. विषय निघाला की मी पेटी पुढे ओढायचो.

आता ही नाही. कुमुद सफाळ्याला दिली आहे, तिची स्वतःची गाण्याची शिकवणी आहे, केस पिकलेत तिचे. मागच्या खेपेला माहेरी आली होती. सकाळी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी आत उंबऱ्यापाशी पेटी घेऊन सा लावत होतो. मध्येच तिचं सोलणं थांबलं.

"अण्णा, एक विचारू? माझ्या लहानपणी तुम्ही काळी दोनला गायचात. मग हा पांढरी एकचा तुम्हाला कुठे मिळाला? किती छान लागतो. लहान मुलांना सा सांगताना मी तुमचा आठवते."

माझा? माझा आठवते म्हणाली. आयुष्यभर जे ऐकायला जीव टांगला होता, ते ती शेंगा सोलता सोलता बोलून गेली. आणि मला ते घेता येईना. घेतलं असतं तर कोणाला कळणार होतं! तिला त्या सकाळचं काही माहीत नव्हतं. गजा कधीच गेला होता. 'असाच मिळाला, वयाने', एवढं म्हटलं असतं की झालं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

भात्यावरचा हात थांबला. सूर विरत विरत गेला. मी हात उचलला, कानाच्या पाळीला लावला आणि त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव.

कुमुदचा हात सवयीने उठला. त्याचं नाव कानावर पडलं की तो उठतोच. बोटांना वालाची सालं चिकटलेली, तशीच तिने पाळी धरली. मग तिला उमगलं, कोणी घेतलं नाव ते, आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे आम्ही बापलेक एकेक कान धरून बसलो होतो. ती आधी हसली, मग रडली. मी फक्त रडलो.

तुम्हाला मात्र नाव सांगणार नाही. तुमचे हात मोकळे आहेत, कधी कानाला जातील काय सांगावं! आमच्या घरचे दोन कान गेले त्याला, तेवढे पुष्कळ झाले.